परत न आलेले रुग्ण

अलीकडे वैद्यकपरिषदांच्या व्यासपीठांवरून, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि नामांकित धन्वंतरींच्या सत्कारसमारंभांतून एक विचार मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जाऊ लागला असून त्याला टाळ्यांची वाण पडत नाही. तो विचार थोडक्यात असा की, चिठ्ठ्या टाकून रुग्णांची दोन गटांत वाटणी करावयाची, एका गटास औषध आणि दुसऱ्यास हुबेहूब तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य द्यावयाचे, आणि मग शेकड्यांच्या व हजारांच्या बेरजा-वजाबाक्या मांडून निकाल जाहीर करावयाचा, ही जी आधुनिक चिकित्सासंशोधनाची रीत, ती मुळात कारकुनी आहे. ज्याने चाळीस वर्षे रुग्णाची नाडी हातात धरली, त्याच्या अनुभवसिद्ध ज्ञानापुढे या आकडेमोडीची मातब्बरी ती काय? वर पुस्ती अशी जोडली जाते की, हे संशोधन आज एक सांगते आणि उद्या दुसरे, त्याचा खर्च औषधकंपन्या करतात, आणि त्यातून निघणारा तो ‘सरासरी रुग्ण’ कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर बसलेला आजवर कोणाला आढळलेला नाही. शेवटचे वाक्य चटकदार आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु चटकदारपणा हा खरेपणाचा दाखला नव्हे. आणि ज्या मताच्या भरवशावर माणसांवर उपचार होतात, ते मत वक्त्याच्या वयाकडे पाहून सोडून देण्याचा शिष्टाचार मला मान्य नाही.

प्रतिपक्षाचा मान राखावयाचा तर त्याचा सर्वांत बळकट पुरावा आधी पुढे आणला पाहिजे, आणि तो पुरावा खरोखरच बळकट आहे. १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी मोजक्या व्यक्तींच्या रक्तात असे वैगुण्य पाहिले की, ते वरवर ओ गटाचे भासावे, पण ओ गटाचेही रक्त त्याला सोसू नये. ती टिपणी ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली आणि ‘बाँबे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभरच्या रक्तपेढ्यांच्या दप्तरांत कायमचे दाखल झाले. १९६१ च्या डिसेंबरात विल्यम मॅकब्राइड या ऑस्ट्रेलियन प्रसूतितज्ज्ञाने त्याच नियतकालिकाला एक छोटेसे पत्र लिहिले, त्यात थॅलिडोमाइड घेतलेल्या मातांच्या पोटी व्यंगग्रस्त अर्भके जन्मत असल्याचे निवेदन केले, आणि असे आणखी कोणी पाहिले आहे काय, अशी पृच्छा केली. एड्सच्या महामारीची पहिली वर्दी ५ जून १९८१ रोजी लागली ती लॉस एंजेलिसमधल्या अवघ्या पाच तरुणांच्या हकिकतीवरून. यांपैकी एकाही ठिकाणी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नव्हत्या. एका डोळस माणसाने काही तरी वेगळे पाहिले व ते लिहून ठेवले.

आणि महाराष्ट्रात तर या परंपरेचा मानबिंदूच आहे. १९७६ च्या सुमारास डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणातल्या लाल विंचवाचा दंश हा जवळजवळ मृत्यूचा हुकूमनामा समजला जात असे. भाताच्या कामात वा लाकडाच्या मोळीत हात घातलेला धडधाकट माणूस घामाने निथळत, गार पडलेल्या हातापायांनी, वांत्या करीत दवाखान्यात आणला जाई. आणि काही तासांत छाती घरघरू लागून, फुप्फुसांत पाणी भरून, तोंडाशी गुलाबी फेस येऊन नातलगांच्या देखत संपे. पाठ्यपुस्तकांत त्याला उत्तर नव्हते. डॉ. बावस्कर रात्र रात्र अशा रुग्णांच्या उशाशी बसले, रक्तदाब नोंदवीत राहिले, हृदयावर कोसळणाऱ्या संकटाची पूर्वचिन्हे कोणती, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले आणि १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या, स्वस्त गोळीचा या दंशावरील उपयोग त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रतिपक्षाचे वक्ते हे उदाहरण हमखास देतात. आणि येथे सभागृहात टाळ्या पडतात, त्या रास्तच असतात.

माझी हरकत अशी की, हे वक्ते कथा अर्ध्यावर सोडतात. डॉ. बावस्करांनी स्वतःच्या अनुभवाला अखेरचा निवाडा मानले असते, तर १९८६ नंतर त्यांना हात जोडून बसता आले असते. गोळी त्यांच्या नावाशी जोडली गेली होती, कीर्ती झाली होती, रुग्ण वाचत होते. पुढे विंचवावरची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर त्यांनी काय केले, तर प्राझोसिनलाच कसोटीस लावले. सत्तर रुग्ण, दोन गट, प्रत्येकात पस्तीस. एका गटाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिलस, आणि कोणाच्या वाट्याला काय यावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता दैवयोगावर सोडलेले. दहा तासांनंतर प्रतिलस मिळालेल्या पस्तिसांपैकी ३२ जण लक्षणमुक्त होते; केवळ प्राझोसिनच्या गटात ८. २०११ च्या जानेवारीत हा निकाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. ज्या उपचाराने आपले नाव केले, त्याच्या जोडीला आणखी काही लागते, हे डॉ. बावस्करांनी स्वतः मोजून, स्वतःच जाहीर केले. अनुभवाचा हा महामेरू प्रतिपक्षाच्या बाजूने साक्ष द्यावयास उभा राहिला, तर त्याची जबानी प्रतिपक्षाच्याच विरुद्ध जाईल.

मॅकब्राइडची उत्तरकथाही सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. थॅलिडोमाइडच्या पत्राने जगद्विख्यात झालेल्या या गृहस्थाने पुढे आणखी एका औषधाविरुद्ध आघाडी उघडली; परंतु सशांवरील प्रयोगाचे आकडे त्याने बनावट छापल्याचे चौकशीत उघड झाले आणि १९९३ साली त्याचे नाव वैद्यकाच्या नोंदपटावरून काढून टाकण्यात आले. माणूस तोच, नजर तीच, आत्मविश्वास बहुधा पहिल्यापेक्षा दुप्पट. पहिल्या वेळी तो खरा ठरला तो त्याच्या पत्रामागून जर्मनीपासून इंग्लंडपर्यंत इतरांनी गणना करून त्याची तक्रार पडताळली म्हणून, आणि दुसऱ्या वेळी खोटा ठरला तोही पडताळणीमुळेच. एकट्या निरीक्षकाने फिर्याद गुदरावी, त्याला तो अधिकार आहेच. न्यायासनावरही त्यानेच बसावे, हे मात्र होणे नाही.

आता अनुभव म्हणजे नेमके काय, याचाच थोडा तपास करू. दवाखान्यात चाळीस वर्षे जमा होणारी ही जी पुंजी, तिच्यात जमेस कोण धरला जातो? जो बरा झाला तो पेढे घेऊन येतो, मुलीच्या लग्नाची पत्रिका आणतो, रस्त्यात भेटला तर वाकून नमस्कार करतो. ज्याला गुण आला नाही तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पहिल्याला कळवावयास काही परत येत नाही. ज्याला औषधाने अपाय झाला तो दुसऱ्याच रोगाचा रुग्ण म्हणून दुसऱ्याच इस्पितळात भरती होतो. आणि जो दगावला त्याच्याविषयी बोलावयासच नको. म्हणजे अनुभवाच्या वहीत खर्चाची बाजू लिहिली जातच नाही, आणि हे डॉक्टराच्या अप्रामाणिकपणामुळे होते असेही नाही. अत्यंत सचोटीचा माणूसही जे समोर आले त्यावरूनच अनुमान करणार. परत न आलेले रुग्ण शोधून काढून त्यांचीही गणती करणे, हेच त्या ‘कारकुनी’ संशोधनाचे खरे काम आहे, आणि ते कारकुनी आहे हे मी आनंदाने मान्य करतो.

याचे ढळढळीत प्रात्यक्षिक आपल्याकडे खेडोपाडी मिळते. काविळीवर माळ घालतात. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफलेले असतात. माळ प्रथम डोक्यावर जेमतेम बसते, मग दिवसेंदिवस लांबत जाऊन गळ्यात उतरते, छातीवर रुळते, आणि रोग्याचे डोळेही त्याच सुमारास पांढरे होऊ लागतात. पाहणाऱ्याची खात्री पटते की माळेने कावीळ ओढून घेतली. वस्तुतः काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी तितकीच लांबेल. दूषित पाण्यातून येणारी नित्याची कावीळ बहुतेकांत आपली आपण काही आठवड्यांत उतरते. माळ देणाऱ्याचा अनुभव खोटा नाही: त्याच्याकडे आलेल्यांपैकी बहुसंख्य खरोखरच बरे झाले. पित्तमार्गात खडा अडकलेला वा स्वादुपिंडाचा कर्करोग झालेला जो एखादा माळ घालून महिनाभर घरी बसला, तो शेवटी शहरातल्या शल्यचिकित्सकाच्या वाट्याला गेला, आणि माळवाल्याच्या अनुभवात त्याचा मागमूसही उरला नाही. माळ खुंटीला टांगून पाहणे हीच नियंत्रित चाचणी. एवढे सोपे काम शतकानुशतके का झाले नाही, याचे उत्तर असे की, ज्याची खात्री पटलेली असते त्याला खुंटी आठवत नाही.

सुशिक्षित डॉक्टर माळेला हसतील. त्यांनी २०२०-२१ ची आठवण ठेवावी. करोनातून उठलेल्यांचा रक्तरस नव्या रुग्णांस द्यावा, ही कल्पना शास्त्राला धरून होती, आकर्षक होती, आणि अनेक डॉक्टरांच्या अनुभवात तिचा गुणही आला. तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, ज्या काळात रुग्णालयांत श्वास घ्यायला उसंत नव्हती त्या काळात, ३९ रुग्णालयांतून ४६४ मध्यम आजारी रुग्णांवर ‘प्लॅसिड’ नावाची चाचणी पार पाडली. एका गटाला चोवीस तासांच्या अंतराने दोनशे-दोनशे मिलिलिटर रक्तरस आणि नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार. अठ्ठावीस दिवसांत आजार गंभीर झाला वा मृत्यू आला असे रक्तरसाच्या गटात २३५ पैकी ४४ आणि दुसऱ्या गटात २२९ पैकी ४१. शेकडा १९ आणि शेकडा १८. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी आपली, रुग्ण आपले, रुग्णालये आपली. परक्या भूमीची सबब येथे लागू नव्हती.

आणि मग काय झाले? रक्तरस देणे चालूच राहिले. दुसऱ्या लाटेच्या एप्रिलात पुण्या-नाशकात आणि नागपुरात माणसे आपला बाप, आपली बायको ऑक्सिजनवर ठेवून, हातात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, अमुक रक्तगटाचा बरा झालेला दाता मिळेल काय म्हणून रात्री-अपरात्री अनोळखी माणसांना फोन करीत, रक्तपेढ्यांच्या पायऱ्या झिजवीत हिंडली. राष्ट्रीय उपचारसूचीतून रक्तरस वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी, म्हणजे आपल्याच चाचणीच्या निकालानंतर जवळजवळ सात महिन्यांनी. मधल्या काळात त्या चिठ्ठ्या कशाच्या आधारावर लिहिल्या जात होत्या, असे विचारले तर उत्तर ठरलेले: आमच्या पेशंटांना फायदा झाला हो! झालाच असणार. रक्तरस न घेतलेल्या शंभरांतल्या ब्याऐंशींनाही झाला होता. ज्या कुटुंबांनी त्या रात्री धावाधाव केली त्यांना हा आकडा कोणी सांगितला नाही, आणि याबद्दल एकाही सत्कारमूर्तीने खेद व्यक्त केल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

याच महामारीतला दुसरा निकाल अनुभवपक्षाने जरूर अभ्यासावा. इंग्लंडातील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड सुमारे दोन हजार रुग्णांना दिले गेले आणि सुमारे चार हजारांना दिले गेले नाही. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४१ वरून २९ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत ते २६.२ वरून २३.३ झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांत औषध न घेतलेले शेकडा १४ दगावले, घेतलेले १७.८, हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकेल, परंतु फायद्याचा लवलेशही त्यात नाही. आता कोणत्याही अनुभवी डोळ्याने मला सांगावे की, शंभरांत सव्वीस आणि शंभरांत तेवीस यांतला भेद वॉर्डातून फेरी मारताना त्याला दिसला असता. तो दिसणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. आणि तरीही तो भेद जगभर पसरला म्हणजे त्यात हजारो जीव असतात. सौम्य आजारात घरच्या घरी स्टेरॉइड देण्याची जी लाट आपल्याकडे आली, आणि तिच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिसने ज्यांचे डोळे व जबडे काढावे लागले, त्यांच्या बाबतीतही या तिसऱ्या ओळीकडे वेळीच पाहिले असते तर बरे झाले असते.

‘सरासरी रुग्णा’च्या त्या चटकदार वाक्याचे उत्तरही येथेच मिळते. माझा रुग्ण इतरांहून निराळा आहे, हे म्हणणे ठीक. परंतु कोणत्या बाबतीत निराळा, आणि त्या निराळेपणाने उपचारात काय फरक पडावा, हे कोणी ठरवावयाचे? एकच गोळी एकाला तारक, दुसऱ्याला निरुपयोगी हे अंतर्ज्ञानाने कळले नाही. सहा हजारांची गणती करून, त्यांची तीन थरांत विभागणी केल्यावर कळले.

शिवाय अनुभवाशी अनुभवाचे भांडण लागले तर निवाडा कोण देणार? तोंडाचा कर्करोग हा तंबाखू आणि गुटख्याच्या कृपेने आपला घरचा रोग. गाठ लहान आहे, मानेतल्या ग्रंथी हाताला लागत नाहीत, अशा वेळी मानेची शस्त्रक्रिया लगोलग करून टाकावी की ग्रंथी सुजल्या तरच करावी, यावर जगभरचे निष्णात शल्यचिकित्सक कित्येक दशके दोन तट करून बसले होते, आणि दोन्ही तटांवर पिकल्या केसांची कमतरता नव्हती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तो प्रश्न चिठ्ठीवर सोडला. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला: लगोलग शस्त्रक्रिया झालेल्यांत तीन वर्षांनी शेकडा ८० हयात, थांबून पाहिलेल्यांत ६७.५. भांडण मिटले. ज्यांचा अनुभव पराभूत झाला ते अडाणी नव्हते. त्यांना फक्त अर्धेच जग दिसत होते.

संशोधन रोज मत बदलते, या आक्षेपावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. मते बदलली ती बहुतांशी अनुभवाची होती, आणि ती बदलणारी चाचणी होती. क्षयरोग्याला सॅनेटोरियमची हवा, विश्रांती आणि सकस आहार हवाच, हे एके काळी वज्रलेप समजले जाई. मिरजेच्या आणि औंधच्या आरोग्यधामांत खाट मिळावी म्हणून वशिले लावले जात. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग-चिकित्सा केंद्राने दाखविले की तीच औषधे घेऊन दाटीवाटीच्या घरात, निकृष्ट अन्नावर राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे होतात आणि घरच्या माणसांना अधिक धोकाही होत नाही. तसेच हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके औषधाने शमविणे इतके साहजिक वाटे, आणि आलेखावर ते ठोके शमलेले इतके स्वच्छ दिसत, की त्याची परीक्षा घेणेच काहींना अनीतीचे वाटले. अमेरिकेतील ‘कास्ट’ चाचणीने ती घेतली. एन्केनाइड वा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी दहा महिन्यांत ६३ दगावले. निर्गुण गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आलेख सुधारत होता आणि माणूस मरत होता. आधीच्या वर्षांत या गोळ्या लिहून देणाऱ्या प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाला रुग्णाच्या मृत्यूवर हृदयविकार हेच कारण लिहिता आले, आणि ते कोणालाही खोटे वाटले नाही.

कंपन्यांच्या पैशाचा आरोप मात्र गंभीर आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. रोफेकॉक्सिब या सांधेदुखीच्या गोळीच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे तीन झटके अहवालातून गळाले होते, आणि ज्या नियतकालिकाने तो अहवाल छापला त्याने २००५ साली त्याबद्दल जाहीर नापसंती नोंदविली. हा लांच्छनास्पद प्रकार आहे. पण २००४ साली ती गोळी जगाच्या बाजारातून उठली ती कशामुळे? दुसऱ्या एका चाचणीत झटक्यांची गणती नाकारता येईना म्हणून. सांधेतज्ज्ञांच्या अनुभवाला तर ती गोळी वरदानच वाटत होती. गुडघा शांत झालेला रुग्ण झटका आल्यावर सांधेतज्ज्ञाकडे जात नाही, हृदयरोग विभागात जातो, आणि दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत ते सत्य गाडले जाते. २०२० च्या मे महिन्यात सर्जिस्फिअर नामक कंपनीने शहाण्णव हजार रुग्णांची कथित माहिती पुरवून ‘लॅन्सेट’ला फसविले, हेही प्रतिपक्ष मिटक्या मारीत सांगतो. तो निबंध २२ मे रोजी आला आणि ४ जून रोजी मागे घेतला गेला. दोन आठवड्यांच्या आत, आकडे तपासणाऱ्यांनीच आकड्यांतली लबाडी धरली. चिठ्ठी टाकून केलेली ती चाचणी नव्हतीच, हे आणखी एक. आकडे लिहिलेले असले म्हणजे लबाडी पकडली जाऊ शकते. चाळीस वर्षांच्या अनुभवात काही लबाडी असेल, तर ती कोणत्या कागदावर बोट ठेवून दाखवावी? हिशेबात अफरातफर झाली म्हणून तपासनीस अधिक कडक नेमावा. किर्दच जाळून टाका असा सल्ला देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका येते. आपल्याकडे १५ जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली, ती अशाच कडकपणाची एक पायरी, आणि आणखी पायऱ्या व्हावयास हव्यात: नकारार्थी निकालही मुदतीत प्रसिद्ध झालाच पाहिजे, असा निर्बंध हवा आणि तो मोडणाऱ्यास दंडही हवा.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो अनुभवपक्ष क्वचितच काढतो. कारण तो काढण्यासाठी चाचण्यांचे कागद वाचावे लागतात. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना गावसमूहांनुसार चार गटांत वाटून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांची तुलना आरंभिली गेली. तीन गटांना तीन प्रकारच्या तपासण्या. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे तपासणीविना नेहमीचीच सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. असा एक गट तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे देशात व परदेशात विचारला गेला. जिल्ह्यात आधीही तपासणीची सोय नव्हती, तेव्हा आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही, हा संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही; दारिद्र्य हा शिरस्ता असला म्हणून तो तुलनेचा मापदंड व्हावा, ही गोष्ट मनाला पटत नाही, आणि त्या स्त्रियांना आपण कशात सामील होतो याची किती समज दिली गेली, हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या मुलींना आहे. परंतु हा दोष गणती कशी मांडली याचा आहे; गणती न करण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. गणती झाली नसती तर ते ६४ मृत्यू टळले नसते. ते कोणाच्या हिशेबातच आले नसते.

आणि ज्यांना त्या चौथ्या गटाचा कळवळा आहे, त्यांनी आपला रोख थोडा वळवावा. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे महाराष्ट्रातल्याच एका दुष्काळी जिल्ह्याच्या गावांतून सिद्ध झाले, आणि तो कागद सरकारच्या हाती आला. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती आढळल्या? शेकडा १.९. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींना कोणत्याही संशोधकाने कोणत्याही गटात घातलेले नव्हते.